पांढरी चार

आमच्या घरात टीव्हीखालच्या कप्प्यात एकवीस वह्या आहेत. शंभर पानी, एकरेघी, मुलं शाळेत नेतात तसल्या साध्या. आप्पांशी बोलायच्या वह्या. २०१८च्या गणपतीनंतर आप्पांना ऐकू येणं जवळपास बंदच झालं, म्हणजे त्याआधी दहा-बारा वर्षं कमी कमी होतच होतं पण त्या वर्षी मशीन लावूनसुद्धा नुसती शिट्टी आणि खरखर यायला लागली, मग एके दिवशी त्यांनीच मशीन काढून डबीत ठेवलं आणि म्हणाले, लिहून दाखवा मला, हे पुरे झालं.

तेव्हापासून आम्ही लिहितो. आई पाटीवर लिहिते, कारण वही शोधायला तिला वेळ नसतो, आणि लिहिलेलं पुसून परत कामाला लागते. मी वहीत लिहिते.

परवा आवरताना पहिल्या दोन-तीन वह्या उघडून बसले. 'गॅसवाला आलाय, सुट्टे आहेत का?' 'बीपीची गोळी घेतली?' 'आज मटण करू का नुसता रस्सा?' 'दादाचा फोन आहे, पाय कसा आहे विचारतोय.' २०१९च्या ऑगस्टमधलं, कोल्हापूरच्या महापुरातलं एक पान आहे, त्यावर 'राजाराम बंधाऱ्यावर पाणी ४३ फुटांच्या पुढं गेलं', त्याखाली 'मच्छिंद्री झाली', म्हणजे पुलावरच्या पुराच्या खुणेला पाणी लागलं, त्याखाली 'आत्याला इकडं आणायचं का?' आणि मग पान कोरं. आप्पा काय म्हणाले होते? काहीतरी म्हणाले असणारच, आत्या आली होती आमच्याकडं, नऊ दिवस राहिली. पण त्यांचं वाक्य कुठंच नाही, कारण आप्पा तर तोंडानं बोलतात. पहिल्या पंधरा वह्यांत आप्पांशी बोललेलं सगळं आहे आणि आप्पांचा एक शब्द नाही.

ही गोष्ट माझ्या लक्षात आणून दिली ती बीथोवननं, दोनशे वर्षांपूर्वीच्या जर्मन संगीतकारानं.

बीथोवन म्हणजे माझ्यासाठी तोवर ऑफिसचा फोन होल्डवर ठेवला की वाजणारी ट्यून, एवढंच. आमच्या घरात गाणं म्हणजे पेटी, भजन, नाट्यगीत. आप्पा उद्यमनगरात लेथवर टर्नर, पस्तीस वर्षं, आणि संध्याकाळी मंगळवार पेठेतल्या भजनी मंडळात पेटीवर. लॉकडाऊनमध्ये मी फोनवर शोधत होते की ऐकू न येणाऱ्या माणसाशी बाकीचे लोक घरात कसे बोलतात, काही सोपं आहे का, आणि शोधता शोधता या बहिऱ्या झालेल्या माणसाच्या वह्यांपाशी पोचले. १८१८पासून मरेपर्यंत, म्हणजे १८२७पर्यंत, त्याला भेटायला येणारे लोक वहीत लिहायचे, तो वाचून तोंडानं उत्तर द्यायचा. अशा १३९ वह्या आज शिल्लक आहेत, बहुतेक बर्लिनच्या लायब्ररीत. भाड्याच्या घरांच्या चौकशा, मोलकरणीच्या तक्रारी, बाजारात काय महाग झालं, पुतण्यानं काय केलं. अगदी आमच्या वह्या! आणि तिथंही तेच, समोरच्याचं बोलणं आहे, त्याचं नाही. अधूनमधून त्यानं स्वतः लिहिलंय ते आपल्या कामाचं टिपण, बाजाराची यादी, पेपरातल्या जाहिरातीतला पत्ता, किंवा खाणावळीत बसलेला असताना शेजारच्याला ऐकू जाऊ नये अशी एखादी गोष्ट. बाकी त्याची सगळी उत्तरं, तो राहायचा त्या व्हिएन्नाच्या हवेत विरून गेली.

मग त्याचं बोलणं मिळणार कुठं? पत्रांत. जुन्या पुस्तकांच्या दुकानातून त्याच्या पत्रांचं एक इंग्रजी पुस्तक आणलं, मधली काही पानं सुटलेली, आणि वाचायला लागले.

२९ जून १८०१. वय तीस. बॉनमधला त्याचा लहानपणापासूनचा मित्र फ्रान्झ वेगेलर, जो पुढं डॉक्टर झाला, त्याला लिहिलेलं लांबलचक पत्र आहे. सुरुवातीला सगळं छान छान, पैसे बरे मिळतायत, प्रकाशक मागं लागलेत, आणि मग हळूच येतं की दोन वर्षं झाली मी लोकांत जायचं टाळतोय, कारण मी बहिरा आहे असं कुणाला सांगणं मला जमत नाही. दुसरा कुठला धंदा असता तर निभावून नेलं असतं, पण माझ्या धंद्यात हे फार भयंकर आहे. थिएटरात नट काय बोलतोय ते कळायला ऑर्केस्ट्राला अगदी टेकून बसावं लागतं. जरा लांब असलो की वाद्यांचे आणि गायकांचे वरचे सूर ऐकूच येत नाहीत. कुणी हळू बोललं तर आवाज येतो पण शब्द कळत नाहीत, आणि कुणी ओरडलं तर सहन होत नाही.

हे मी स्वयंपाकघरात उभ्यानं वाचलं आणि परत वाचलं, आणि गॅस बंद करून खाली बसले.

कारण आम्ही दहा वर्षं आप्पांवर ओरडत होतो. रागानं नव्हे, ऐकू जावं म्हणून. आई तर जिन्यातून हाक मारायची, 'मी कवाचं हाक मारालोय', आणि आप्पा हात वर करून म्हणायचे, ओरडू नका गं, आवाज येतोय, बोलणं येत नाही. आम्हाला वाटायचं चिडचिडे झालेत, वय झालं. नंतर कानाच्या डॉक्टरांनी चित्र काढून समजावलं की आतल्या कानात शंखासारखी गुंडाळी असते, तिच्यातल्या बारीक केसांच्या पेशी मोठ्या आवाजानं मरतात आणि परत येत नाहीत, आणि वरच्या सुरांच्या पेशी आधी जातात. स, श, फ, त, थ असले आवाज वरच्या पट्टीतले, ते गेले की बोलणं नुसतं गुणगुणल्यासारखं येतं, आणि ऐकू येण्याचा नि कान दुखण्याचा यांच्यामधला पट्टा अरुंद होत जातो, म्हणून थोडं मोठं बोललं तरी ठणका बसतो. आप्पा ज्या वर्कशॉपात होते तिथं पस्तीस वर्षांत कानात घालायला कापसाचा बोळासुद्धा कुणी दिला नाही. तेव्हा कुणाला ते सुचतही नव्हतं म्हणा, आणि हे मी त्यांना माफ करायला म्हणून लिहीत नाहीये.

त्याच पत्रात औषधांची यादी आहे, कानात बदामाचं तेल, गार पाण्याची आंघोळ, मग कोमट पाण्याची. आमच्या घरी लसूण टाकून कोमट केलेलं तेल. आणि शेवटी वेगेलरला विनवणी, हे कुणाला सांगू नकोस, लोर्शेनलासुद्धा नको. लोर्शेन म्हणजे एलिओनोर फॉन ब्रॉयनिंग, तिघं एकत्र वाढलेले, पुढच्याच वर्षी वेगेलरचं तिच्याशी लग्न झालं. दोन दिवसांनी, १ जुलैला, दुसऱ्या एका मित्राला, कार्ल अमेंडाला, पत्र आहे आणि त्यातही तेच, गुपित ठेव. व्हिएन्नात रोज भेटणाऱ्यांना सांगितलं नाही, शेकडो मैल लांब असलेल्या दोघांना सांगितलं. मला हे फार कळलं. आप्पांनी पेटीवर बसणं बंद केलं ते २००९ साली, आणि सांगितलं काय तर पाठ धरते. पाठबीठ काही नव्हती धरत. गायकाचा वरचा षड्ज त्यांना येईनासा झाला होता, आणि साथ करणाऱ्याला गायकाच्या मागं सावलीसारखं जावं लागतं, तिथं अंदाजानं बोट टाकता येत नाही.

१८०२च्या ऑक्टोबरात त्यानं हायलिगनश्टाट गावात बसून भावांच्या नावानं जे लिहून ठेवलं ते प्रसिद्धच आहे. शेजारी उभ्या माणसाला लांबची बासरी ऐकू येतेय, धनगर गातोय ते ऐकू येतंय, आणि मला काहीच नाही, असं त्यात आहे. जीव द्यावा इथपर्यंत आलो होतो पण कलेनं धरून ठेवलं, असं आहे. पण मला त्या कागदातलं सगळ्यात बोचतं ते वेगळंच, एका भावाचं नाव कार्ल असं लिहिलंय आणि योहानच्या नावाची जागा प्रत्येक वेळी कोरी सोडलीय. तो कागद त्यानं कुणालाच दिला नाही. मेल्यावर सामानात सापडला.

आता त्याच्या मित्राबद्दल, कारण खरं तर मला त्याच्याबद्दलच लिहायचंय. श्टेफान फॉन ब्रॉयनिंग, लोर्शेनचा भाऊ. १८०४ साली दोघं व्हिएन्नात एकत्र राहायला लागले आणि घराच्या नोटिशीवरून, भाड्यावरून कडाक्याचं भांडण झालं. अगदी आपल्याकडं होतं तसं, रक्कम किरकोळ आणि शब्द मोठे. बीथोवन तावातावानं निघून गेला, दुसऱ्यांना पत्रांतून श्टेफानबद्दल वाटेल ते लिहिलं. आणि काही महिन्यांनी त्यानं काय केलं तर हस्तिदंतावर काढलेलं आपलं एक छोटं चित्र श्टेफानला पाठवलं आणि सोबत लिहिलं की आपल्यात जे काही झालं ते या चित्राच्या मागं कायमचं झाकलं जाऊ दे. मी तुझं मन फाडलंय हे मला ठाऊक आहे, आणि तुला दिसलंच असेल, त्याची शिक्षा मलाही झालीय. पुढंही परत दुरावा आला, मोठा आला, पण १८२५ साली बीथोवन राहायला गेला ते नेमका ब्रॉयनिंगच्या घरासमोर, आणि तिथं सगळं परत सांधलं.

ब्रॉयनिंगचा मुलगा गेरहार्ड तेव्हा बारा वर्षांचा. तो सारखा या म्हाताऱ्याला चिकटलेला म्हणून बीथोवननं त्याचं नाव ठेवलं विजारीचं बटण. शेवटच्या आजारात, १८२७च्या सुरुवातीला, बीथोवन पोटात पाणी होऊन अंथरुणावर, डॉक्टर भोक पाडून पाणी काढतायत, आणि हा पोरगा रोज येऊन वहीत लिहितो. मोठी माणसं तिथं कामाचं, पैशाचं, संगीताचं लिहितात. गेरहार्डनं लिहिलंय की तुम्हाला ढेकूण फार चावतात असं आज कळलं, सारखे उठवतात म्हणे, तुम्हाला झोपेची गरज आहे तर ढेकणांवर मी काहीतरी घेऊन येतो.

एवढ्या मोठ्या माणसावर केवढी पुस्तकं आहेत. मला मात्र तो खोलीत पडलेला दिसला तो या ढेकणांमुळं.

आणि याच वह्यांत एक खोटं बसलंय, तेही सांगते. अँटोन शिंडलर नावाचा त्याचा काही वर्षं कारभार बघणारा माणूस. श्टेफान ब्रॉयनिंग बीथोवननंतर दोन-अडीच महिन्यांतच गेला आणि या वह्या शिंडलरच्या हातात आल्या. त्यानं त्या सांभाळल्या, १८४६ साली पेन्शनच्या बदल्यात बर्लिनला दिल्या, त्यासाठी त्याचे उपकारच, पण कोऱ्या जागा दिसल्या तिथं त्यानं नंतर आपल्या हातानं वाक्यं घातली, जणू बीथोवनशी आपण फार खोल बोलायचो, तो आपल्याला सगळं सांगायचा. शंभराहून जास्त वर्षं ते खरं मानलं गेलं, १९७०च्या दशकात जर्मन संशोधकांनी वह्या तपासून ते उघड केलं. कॉफीच्या एका कपाला मोजून ६० बिया, ही सगळ्यांना आवडणारी गोष्टसुद्धा शिंडलरचीच, आता ती खरी मानायची का? मला त्याचा राग येतो, आणि राग येतो म्हणून मी आमच्या वह्यांतल्या कोऱ्या जागा भरायला धजत नाही. पुराच्या पानावर आप्पा काय म्हणाले असतील याचा अंदाज मला आहे. पण ते मी आता लिहिलं तर ते माझं होईल.

यावर वाट मिळाली ती कोल्हापुरातच. अल्लादिया खाँसाहेब शाहू महाराजांच्या दरबारात होते हे इथल्या शेंबड्या पोराला ठाऊक. तरुणपणी अति गाण्यानं त्यांचा आवाज गेला, परत आला तो पहिल्यासारखा नव्हता, आणि त्या बदललेल्या आवाजाला पेलेल अशी गायकी त्यांनी घडवली जिला आज आपण जयपूर घराणं म्हणतो. तर या खाँसाहेबांनी म्हातारपणी आपलं आयुष्य नातवाला, अझीझुद्दीन खाँना, तोंडी सांगितलं आणि नातवानं ते लिहून घेतलं. व्हिएन्नात लोकांनी म्हाताऱ्याला लिहून दाखवलं, इथं नातवानं म्हाताऱ्याचं ऐकून लिहिलं. मला दोन्ही करायला काय हरकत आहे? सोळाव्या वहीपासून मी दोन पेनं ठेवलीत, काळ्यानं माझं आणि निळ्यानं आप्पांचं, ते बोलले की लगेच, जसं बोलले तसं, 'हं' म्हणाले तर 'हं'.

निळ्यातलं पहिलं वाक्य आहे, 'हे कशाला लिहिलंस?'

निळ्यातलं मला सगळ्यात प्रिय वाक्य मात्र पुढच्या वहीत आहे. १८२५च्या वसंतात बीथोवन पोटाच्या दुखण्यानं फार आजारी होता, त्यातून उठल्यावर त्यानं एका क्वार्टेटमध्ये, म्हणजे चार तंतुवाद्यांच्या रचनेत, ऑपस १३२ मध्ये, एक संथ भाग लिहिला, पंधरा मिनिटांच्या वर चालणारा, आणि त्याला नाव दिलं की बऱ्या झालेल्या माणसानं देवाला वाहिलेलं आभाराचं गाणं, लिडियन मोडमध्ये. हे लिडियन काय ते बघितलं तर एफपासून एफपर्यंत, म्हणजे पेटीच्या चौथ्या पांढऱ्या पट्टीपासून, सगळ्या पांढऱ्या पट्ट्या, एकही काळी पट्टी नाही. मी पेटीवाल्याची मुलगी आहे, एवढं तर कळतंच. वहीत लिहिलं, 'आप्पा, एका बहिऱ्या माणसानं आजारातून उठल्यावर केलेली चीज आहे. सा = पांढरी चार. सगळ्या पांढऱ्याच पट्ट्या.'

आप्पांनी चष्मा लावला, वाचलं, उजव्या हाताची बोटं मांडीवर चालवली. पांढरी चार, पाच, सहा, सात, आणि सातवर बोट थांबलं, कारण तो तीव्र मध्यम. मग जोरात म्हणाले, स्वतःचा आवाज ऐकू येत नसल्यानं ते जोरातच बोलतात, 'मग हा कल्याणच की गं!'

राग नव्हे तो, हे मलाही कळतं. पकड नाही, चलन नाही, तिथं चार वाद्यं चार वाटांनी एकदम चालतात, आपल्याकडं तसं नसतंच. पण स्वरांची रांग तीच. मी फोन स्पीकरला जोडला, आप्पांनी स्पीकरवर तळवा ठेवला आणि पूर्ण भाग होईपर्यंत उचलला नाही. मधे जिथं 'नवी ताकद जाणवतेय' असं त्यानं लिहून ठेवलंय आणि चाल बदलते, तिथं ते माझ्याकडं बघून मान हलवत होते. चेलोचा खर्ज हाताला लागतो म्हणाले, बाकीचं मी मनानं घेतो.

त्यानंतर बरेच दिवस मी त्यांना बीथोवनची पत्रं थोडी थोडी मराठीत करून वहीत लिहून द्यायचे. श्टेफानच्या चित्राचं पत्र दिलं त्या दिवशी आप्पा काही बोलले नाहीत. निळ्या पेनचं त्या पानावर काहीच नाही. मग त्याच वेगेलरला पाठवलेलं डिसेंबर १८२६चं पत्र दिलं. वेगेलरनं वर्षभरापूर्वी पत्र पाठवलेलं, याला उत्तर द्यायला वर्ष लागलं. लिहितो की मनातल्या मनात मी कितीदा उत्तर रचतो, पण कागदावर उतरवायला बसलो की लेखणी फेकून देतो, कारण जसं वाटतं तसं लिहिता येत नाही. तुझ्या लोर्शेनचं छायाचित्र, म्हणजे त्या काळी काळ्या कागदात कापायचे ते, अजून माझ्याजवळ आहे. साडेतीन महिन्यांनी तो गेला.

हे वाचून आप्पा उठले, पेटीच्या खोक्यात, भात्याच्या बाजूला जिथं ते पूर्वी सुट्टे पैसे ठेवायचे, तिथून एक फोटो काढला. नंदवाळच्या दिंडीतला, आषाढीचा, आप्पा गळ्यात पेटी अडकवून आणि शेजारी तबल्याचे काका कमरेला डग्गा-तबला बांधून, दोघंही चिंब भिजलेले आणि हसतायत. या काकांशी आप्पा अकरा वर्षं बोलत नव्हते. एका कार्यक्रमाच्या बिदागीवरून सुरू झालं होतं, मंडळ फुटलं, दोन घरांचं जाणं-येणं बंद झालं, आणि रक्कम विचाराल तर आज सांगायलाही लाज वाटते. आप्पा म्हणाले, 'हे त्याला नेऊन दे. काय सांगू नको.'

मी शिवाजी पेठेत गेले. काकूंनी दार उघडलं, पाणी दिलं. काकांनी फोटो हातात घेतला, उलटून बघितला की मागं काही लिहिलंय का. काही नव्हतं.

आठ दिवसांनी संध्याकाळी काका आले. मी वही आणि पेन पुढं केलं तर त्यांना काय लिहावं सुचेना, दोन वेळा पेन टेकवलं आणि उचललं. मग आप्पांनीच पेटी पुढं ओढली, बऱ्याच वर्षांनी, भाता उघडला, धूळ उडाली, आणि पांढरी चार धरून एक जुन्या भजनाची चाल सुरू केली. एक पट्टी अडकत होती, आप्पांना ते कळायचं कारण नव्हतं. काकांनी तबला आणला नव्हता. ते आप्पांच्या शेजारी सरकले आणि आप्पांच्या गुडघ्यावर केरवा धरला, सम आली की जरा जोरात थाप. आई आतून हातातला झारा घेऊनच बाहेर आली आणि दारात उभी राहिली.

वाजवून झाल्यावर काकांनी वही ओढून घेतली आणि लिहिलं. त्या पानावर काकांच्या अक्षरात एवढंच आहे, 'धा गे न ती न क धिं न', एकाखाली एक चार ओळी, तिसऱ्या ओळीतल्या 'धा'भोवती गोल केलाय आणि बाजूला 'इथं चुकलास'. आणि त्याखाली निळ्या पेननं माझ्या हातचं, आप्पांचं, 'तूच घाई केलीस. परत घे.'